पाच दगडांचा ठसा

१

नकटीचा दिवस सकाळी सातला सुरू व्हायचा आणि गेल्या सात आठवड्यांत गावं बदलली तरी त्यात काडीचाही फरक पडला नव्हता. उठायचं, भाड्याच्या खोलीत चहा करायचा, पावाला लोणी फासायचं, सामान पाठीवर टाकायचं आणि साडेआठची बस गाठायची. बसमध्ये बहुतेक ती आणि कंडक्टर असे दोघंच असत. शेवटच्या थांब्यावर उतरणारं दुसरं कोणी नसायचं, कारण तिथून पुढं नुसती शेतं होती आणि शेतांच्या मधोमध लष्करी दफनभूमी.

‘नकटी’ हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव कॉलेजच्या हजेरीपटात होतं. ती तान्ही असताना आजोबांनी तिचं बसकं नाक पाहून हे नाव ठेवलं आणि ते असं काही चिकटलं की आई चिडली तरच तिला खऱ्या नावानं हाक मारायची.

इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला असताना तिला एक शिष्यवृत्ती मिळाली. जुन्या युद्धाच्या जागा फिरायच्या, दफनभूमींत जाऊन नोंदी करायच्या आणि परत येऊन प्रबंध लिहायचा. बरोबर वर्गातली एक मैत्रीण होती, ती खंदक आणि नकाशे बघायची. नकटीला खंदकांत रस नव्हता. खरं सांगायचं तर युद्धभूमीवर बघण्यासारखं काही उरलेलंच नसतं. गवतात एक लांबट खळगा असतो, तो खंदक. एक गोल खळगा असतो, तिथं तोफगोळा पडलेला. आजूबाजूला गाई चरत असतात. कुंपणाच्या कोपऱ्यात शेतकऱ्यानं नांगराला लागलेलं गंजकं लोखंड रचून ठेवलेलं असतं आणि त्यावर ‘हात लावू नये’ अशी पाटी असते. बास, संपलं युद्ध.

नकटी दगड वाचायची. प्रत्येक दगडावर वर पलटणीचं चिन्ह, त्याखाली नाव, मग आडनाव, मग तारीख आणि वय. सगळ्यात खाली घरच्यांनी सांगितलेली एक ओळ. युद्ध संपल्यावर सरकारनं घरोघरी पत्रं पाठवली होती, तुमच्या माणसाच्या दगडावर काय कोरायचं ते कळवा म्हणून, पण अक्षरं मोजकीच. त्या मोजक्या अक्षरांत लोकांनी काय काय बसवलं होतं! ‘तुझी सायकल ठेवली आहे.’ ‘वेळेवर जेवत जा.’ ‘इथे तरी थंडी नसू दे.’ नकटीचा प्रबंध या ओळींवर होता. पहिल्या आठवड्यात ती एकेका ओळीपाशी बसून रडली होती. सातव्या आठवड्यात ती वहीत ‘उत्तम’, ‘बरी’, ‘ठीक’ असे शेरे मारायला लागली होती.

२

ही शेवटची दफनभूमी मात्र तिनं मुद्दाम शेवटी ठेवली होती. आजोबांचा थोरला भाऊ याच भागात लढायला आला होता आणि परत गेला नव्हता. घरात सगळे त्याला नुसतं ‘दादा’ म्हणत. तो बेपत्ता असल्याचं दोन ओळींचं पत्र आलं तेव्हा आजोबा नऊ वर्षांचे होते. आता ते ब्याण्णव वर्षांचे होते आणि सहा महिने अंथरुणाला खिळले होते.

दादाची म्हणून आजोबांजवळ एकच गोष्ट होती, आणि ती नकटीनं शंभरदा ऐकली होती. स्वयंपाकघराच्या दाराच्या लाकडी चौकटीला पाठ टेकवून दादा त्यांना उभं करायचा, डोक्यावर पट्टी ठेवायचा आणि पेन्सिलीनं खूण करायचा. लढाईवर निघाला त्या सकाळीही त्यानं खूण केली आणि म्हणाला, “आलो की पुन्हा मोजतो. तोवर वाढून ठेव.” पुढं घराला चारदा रंग दिला गेला, पण ती चौकट आजोबांनी कोणाला रंगवू दिली नाही.

नकटी निघाली तेव्हा त्यांनी तिचा हात धरून ठेवला. “नकटे, दादाचा दगड सापडला तर मला आणून दाखव. म्हणजे मी मोकळा झालो.” डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलंच होतं, दोन महिने, फार तर अडीच.

आईचं वेगळंच. बाबा नकटी चार वर्षांची असतानाच गेले, तेव्हापासून आई, आईचे वडील म्हणजे आजोबा (आई त्यांना अण्णा म्हणायची), आणि नकटी असं तीन माणसांचं घर. रोज संध्याकाळी सहाला आईचा फोन यायचा आणि तेच तीन प्रश्न यायचे. जेवलीस का, पाय दुखतात का, कधी येतेस. आणि शेवटी न चुकता, “वाट बघते गं.”

“आई, मी काय लढाईवर आलेय का?” नकटी म्हणायची आणि फोन ठेवून द्यायची. आईच्या मायेचा तिला जरा कंटाळाच आला होता, हे सांगितलेलं बरं.

दफनभूमीचा राखणदार सत्तरीचा होता. त्याच्या आधी त्याचे वडील हेच काम करत होते. पहिल्या दिवशी त्यानं नकटीचं सामान उघडून पाहिलं: मऊ ब्रश, पाण्याची बाटली, पातळ कागदाची गुंडाळी, चिकटपट्टी, काळ्या मेणाचा खडू. दगड पुसून त्यावर कागद ताणून चिकटवायचा आणि वरून खडू आडवा धरून घासायचा. सगळा कागद काळा होतो आणि कोरलेली अक्षरं तेवढी पांढरी उमटतात. याला ठसा घेणं म्हणतात. दगडाचा अगदी ओरखडा न् ओरखडा कागदावर येतो.

“ठसे घे, माझी ना नाही,” राखणदार म्हणाला. “पण एक दगड, एक कागद. एवढं सांभाळ.”

“कागद आहेत माझ्याकडे भरपूर, काका.”

“कागदासाठी नाही सांगत,” तो म्हणाला आणि फाटकावरच्या पाटीकडे त्यानं बोट केलं. ‘फुले तोडू नयेत’ आणि ‘कुत्री आणू नयेत’ यांच्या मध्ये तेच लिहिलेलं होतं. नकटीला वाटलं, सरकारी पाट्या, त्यांना डोकं थोडंच असतं.

३

तीन दिवस तिनं रांगा पालथ्या घातल्या. नावाचे सहाशे अकरा दगड, आणि नाव नसलेले एकशे चाळीस. त्यांच्यावर नुसतं ‘एक सैनिक’ एवढंच कोरलेलं. दादाचं नाव त्या सहाशे अकरांत नव्हतं. एकशे चाळीसांपैकी कुठला तरी त्याचा असणार, किंवा कुठलाच नसणार.

तिसऱ्या संध्याकाळी आईचा आवाज बसलेला होता. “अण्णांनी आज पाणीसुद्धा घेतलं नाही गं. डोळे मिटून पडलेत. मधूनच विचारतात, सापडला का म्हणून. काय सांगू?”

“सांग, सापडला,” नकटी म्हणाली.

तोंडातून शब्द गेला आणि गेला. पलीकडे आईनं हंबरडाच फोडला. मग ती “अण्णा, अण्णा!” करत आत धावल्याचं ऐकू आलं. मग आजोबांचा आवाज आला, सुकलेला पण जागा. “नकटे, खरं?”

“खरं, आजोबा. उद्या ठसा घेते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी राखणदार जेवायला गेला, तेव्हा नकटीनं एक लांब कागद कापून घेतला. मनाशी तिनं सगळी जुळणी करून ठेवली होती. दादाच्या पलटणीचं चिन्ह दुसऱ्या रांगेत होतं. दादाचं नाव असलेला एक जण पाचव्या रांगेत होता. आडनाव अकराव्या रांगेत मिळालं. दादा बेपत्ता झाला ती तारीख आणि एकोणीस हे वय तेराव्या रांगेत एकाच दगडावर होतं. चार दगडांवरून चार पट्ट्या, एकाखाली एक. उरलेला भाग ती झाकून घ्यायची, म्हणजे नको ते उमटायला नको.

तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण खाली ओळ हवीच ना. शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून, तिनं ‘उत्तम’ शेरा दिलेली एक ओळ होती. सगळ्या प्रवासातली सगळ्यात चांगली. ‘आई वाट पाहते आहे.’ त्या दगडावरच्या मुलाचं वय अठरा होतं. तिनं कागदाचा खालचा भाग त्याच्यावर ताणला आणि खडू घासला.

कागद गुंडाळताना तिला एक गोष्ट दिसली. ठशावर एक केसाएवढी पांढरी रेघ होती, दगडाला तडा गेल्यावर दिसते तशी. ती पलटणीच्या चिन्हापासून निघून, नाव, आडनाव, वय या सगळ्यांतून खाली शेवटच्या ओळीपर्यंत सलग गेली होती. पाच दगडांतून एकच तडा.

कागदाला घडी पडली असणार, असं ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली.

४

मैत्रीण त्याच संध्याकाळी घरी परत निघाली होती. तिच्याबरोबर ठसा गेला आणि तिसऱ्या दिवशी आईच्या हातात पडला.

“अगं, किती सुंदर आलाय!” आई फोनवर म्हणाली. “अण्णांनी छातीवरच घेतलाय, सोडत नाहीत. आणि ती खालची ओळ! मी किती वेळा वाचली सांगू. मला वाटतं माझ्याबद्दलच लिहिलीय.”

“आजोबा काय म्हणाले?”

“काही नाही. त्या ओळीवरून बराच वेळ बोट फिरवत बसले, मग म्हणाले, छान आहे. पेलाभर दूध प्यायले, नकटे! महिन्यात पहिल्यांदा.”

नकटीचा जीव भांड्यात पडला. खोटं बोलून का होईना, एका म्हाताऱ्या माणसाला तिनं सुखानं डोळे मिटायला मोकळं केलं होतं. ती त्या दिवशी बसथांब्यापर्यंत गुणगुणत गेली.

पुढचे चार दिवसही बातम्या चांगल्याच होत्या. आजोबा उठून बसायला लागले. दुपारभर कोणाशी तरी बोलत असतात, आई म्हणाली. बिछान्याजवळ खुर्ची आणून ठेव म्हणाले, ठेवली. “म्हातारपणात होतं असं,” आई हसली. “पण मजा म्हणजे ती खुर्ची मी रोज भिंतीशी सरकवते आणि रोज ती परत बिछान्याजवळ असते. अण्णांना तर पाय खाली सोडवत नाहीत.”

“तूच विसरत असशील.”

“असेन बाई. आणि बैठक ओली असते गं. माती लागलेली असते. छप्पर गळतंय की काय, बघायला हवं कोणालातरी.”

बाहेर उन्हाळा होता. दीड महिन्यात घराकडे पावसाचा थेंब पडल्याचं नकटीनं ऐकलं नव्हतं. पण छप्पर काय, नळ काय, घर म्हटलं की शंभर कारणं असतात.

“एकदा आजोबांना दे ना फोन,” ती म्हणाली.

आजोबा हळू आवाजात बोलत होते, शेजारच्याला ऐकू जाऊ नये असं बोलतो तसं. “नकटे, बरी आहेस ना? … तो आलाय गं. बसलाय इथंच.”

“कोण, आजोबा?”

“ते मलाही नीट कळत नाही,” आजोबा म्हणाले. “आवाज दर वेळी वेगळा येतो. उजवा हात चांगला जाणत्या माणसाचा आहे. डावा पोराचा आहे, नखं खाल्लेली. माझं नाव विचारलं मी, तर त्याला ठाऊक नाही.”

५

रात्री नकटीनं स्वतःला नीट समजावलं. आजोबा ब्याण्णव वर्षांचे आहेत, औषधांचा परिणाम असतो, ठसा पाहून जुन्या आठवणी उफाळून आल्या. तिनं ते वहीत मुद्द्यांसारखं लिहून काढलं आणि खाली रेघ मारली. सकाळी नेहमीसारखा चहा केला, पावाला लोणी फासलं, बस पकडली.

पाचव्या रांगेत ती सहज गेली. अगदी सहज, असं तिनं स्वतःला सांगितलं. ज्या दगडावरून दादाचं नाव घेतलं होतं तो दगड तिला सापडेना. दोनदा मोजलं. मोजून ज्या दगडापाशी यायला हवं होतं तिथं पलटणीचं चिन्ह होतं, आडनाव होतं, वय होतं, आणि मध्ये एक कोरी जागा होती. घासून काढलेली नव्हे, खोडलेली नव्हे. दगड तिथं असा गुळगुळीत होता की छिन्नी कधी लागलीच नसावी.

रांग चुकली असेल. ती अकराव्या रांगेत गेली. तिथल्या माणसाला आडनाव नव्हतं. तेराव्या रांगेतल्याला तारीख नव्हती की वय नव्हतं. दुसऱ्या रांगेतल्याला पलटण नव्हती. तिनं वही उघडून पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. वही बरोबर होती.

शेवटच्या रांगेत भिंतीशी ती धावतच पोचली. अठरा वर्षांच्या त्या मुलाचं नाव होतं, आडनाव होतं, तारीख होती. खाली काहीच नव्हतं.

“हा पाचवा,” मागून आवाज आला. राखणदार हातात पाण्याची झारी घेऊन उभा होता. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता, आणि त्याचीच नकटीला जास्त भीती वाटली. “सकाळपासून चार सापडले होते मला. मी म्हटलं, पाचवा कुठं आहे.”

६

त्यानं तिला अवजारांच्या खोलीत नेलं. गवत कापायची यंत्रं, फावडी, रोपांच्या कुंड्या. आणि मागच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत लाकडी फळ्या, त्यांवर चपटे खोके, प्रत्येकावर आकडा. खोके रिकामे होते. काहींच्या तळाशी गंज राहिला होता, बटणाएवढा गोल.

“इथं बस,” राखणदार म्हणाला आणि तिला एका उलट्या बादलीवर बसवलं. “लढाई संपली तेव्हा इथं एकेक माणूस एकेका खड्ड्यात नव्हता. एका खड्ड्यात सहा, कुठं नऊ. माझ्या वडिलांचं काम एकच होतं, कोण कुठला ते वेगळं करायचं. हा हात याचा, हे बूट त्याचे, हे बटण अमक्या पलटणीचं. बेचाळीस वर्षं त्यांनी तेच केलं. जो पूर्ण झाला, त्याला नाव दिलं. जो नाही झाला, त्याला ‘एक सैनिक’ म्हटलं, पण एकात दुसरा येऊ दिला नाही. का, ते मी विचारलं नाही कधी. एकदा चूक झाली होती म्हणत, आणि ते आठवलं की जेवायचे नाहीत.”

नकटी रडायला लागली. “मी आजोबांसाठी केलं हो, काका. ते जायला टेकलेत.”

“कोणासाठी तरीच करतात सगळे.” त्यानं झारी खाली ठेवली. “पाच जणांचा एक केलास तू, एका दुपारी. कागद कुठाय?”

“घरी. आजोबांजवळ.”

राखणदारानं दार लोटून घेतलं. “मग घरी सांग. कात्रीनं पाच पट्ट्या वेगळ्या करायच्या, आणि एकेक करून जाळायच्या. पाचही. एकही घरात राहता कामा नये. आणि म्हाताऱ्याला खरं काय ते सांग आधी. फसवून जाळलंस तर म्हातारा ते राखेतूनही गोळा करेल.”

७

बारा वाजता तिनं दफनभूमीच्या भिंतीवर बसून व्हिडिओ कॉल लावला. लख्ख ऊन होतं. आई पडद्यावर आली, डोळ्यांखाली काळं आलेलं, पण हसरी.

“आजोबांकडे ने फोन,” नकटी म्हणाली, आणि आजोबांचा चेहरा दिसताच तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. दगड सापडला नाही. ठसा खोटा आहे. पाच परक्या माणसांचा आहे. माझं चुकलं, आजोबा.

आजोबा थकल्यासारखे हसले. “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, नकटे.”

“कसं?”

“आमची आई दादा लढाईवर जायच्या दोन वर्षं आधीच गेली. मग ‘आई वाट पाहते आहे’ हे कोण कोरून घेणार?” ते म्हणाले. “पण तू एवढ्या लांबून आणलंस. कुठल्या तोंडानं नाही म्हणू? आणि मग तो आला. म्हटलं, दादा नसेना, कुणाचा तरी दादा असेल. बसू दे.”

“अजून बसतो?”

आजोबांचा आवाज पार खाली गेला. “नाही. आता माझ्याजवळ येत नाही. तुझ्या आईच्या मागं मागं असतो. ती स्वयंपाकघरात गेली की चौकटीला पाठ लावून उभा राहतो, मोजायला उभं राहतात तसा. तिनं मोजावं म्हणून. काप तो कागद, लवकर काप.”

आईचा या कशावर विश्वास बसला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण आपला बाप आणि आपली लेक दोघंही रडताहेत म्हटल्यावर तिनं कात्री आणली. फोन तिनं ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला आणि समोर बसून ठसा मांडीवर घेतला. पडद्यावर आई होती, आणि तिच्यामागं ती चौकट.

चौकटीत कोणीतरी उभं होतं.

डोकं पडद्याच्या वर गेलेलं होतं, त्यामुळं चेहरा दिसत नव्हता. खांदे ताठ, पाठ लाकडाला चिकटलेली, टाचा जुळवलेल्या. दोन्ही हात शिस्तीत खाली सोडलेले. उजवा हात जाड, शिरांचा, केसाळ. डावा किरकोळ होता आणि त्याची बोटं अस्वस्थपणे चाळवत होती.

“आई,” नकटी म्हणाली. “आई, मागं बघू नकोस. काप.”

कात्री चालली. आईनं पहिली पट्टी काडी लावून ताटलीत टाकली, आणि चौकटीतला उजवा हात नव्हता. दुसरी पट्टी. तिसरी. प्रत्येक वेळी नकटी डोळे मिटायची आणि उघडायची, आणि प्रत्येक वेळी तिथं आधीपेक्षा कमी काहीतरी असायचं. मग धुराचा लोट आला, आई खोकली, फोन डब्यावरून घसरला आणि पडद्यावर नुसतं छत दिसायला लागलं.

“झालं?” नकटी ओरडली. “आई, सगळ्या झाल्या?”

“झाल्या गं बाई, झाल्या.” आईनं फोन उचलला. मागं चौकट रिकामी होती, तिच्यावर फक्त पेन्सिलीच्या जुन्या खुणा. “काय हा वेडेपणा लावलायस! ये आता घरी. वाट बघते.”

“परवा निघते,” नकटी म्हणाली. आणि सात आठवड्यांत पहिल्यांदाच तिनं फोन आधी ठेवला नाही.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी राखणदार फाटकातच भेटला. दोघं मिळून रांगा फिरले. दुसऱ्या रांगेत चिन्ह परत आलं होतं. पाचव्यात नाव, अकराव्यात आडनाव, तेराव्यात तारीख आणि वय. नकटीनं प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवलं. अक्षरं खोल होती आणि त्यांत वर्षानुवर्षांचं शेवाळ होतं.

शेवटच्या रांगेत राखणदार तिच्याआधी पोचला. तो खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला.

अठरा वर्षांच्या मुलाच्या दगडावर खालची जागा कोरी होती.

तिनं तिथल्या तिथं फोन लावला. घंटा खूप वेळ वाजली. मग आजोबांनी उचलला. फोन घरभर फिरायचा, तो त्यांच्या उशाशी कसा आला कोण जाणे.

“आजोबा, आईनं ती शेवटची पट्टी जाळली नाही का?”

“नाही गं.” आजोबा कुजबुजत होते. “म्हणाली, ही ओळ मी ठेवून घेते, ही काही खोटी नाही, मी वाट बघतेच आहे की. चौकटीला चिकटवलीय तिनं. चौघं गेले, नकटे. हा एकच राहिलाय. याला आता तोंड नाही, हात नाहीत, वय नाही, काही नाही. नुसती वाट आहे. आणि तुझी आई काल संध्याकाळपासून…”

“आईला दे. आजोबा, आईला दे फोन!”

खरखर झाली. चपलांचा ओळखीचा आवाज आला. त्यामागं आणखी एक बारीक आवाज होता, लाकडावर पेन्सिल ओढल्याचा.

“हॅलो? कोण बोलतंय?”

“आई, मी!”

“मी कोण?”

“आई, मी गं, नकटी. ती पट्टी काढ आधी. चौकटीवरची. ऐकतेयस ना?”

आई बोलली, अगदी गोड आवाजात, दारात आलेल्या अनोळखी बाईशी बोलायची तशी. “अहो, तुमचा नंबर चुकलेला दिसतोय. मला मुलगी नाही. एकुलता एक मुलगा आहे, तो कालच आलाय. किती वर्षांनी! उंची मोजायला उभा केलाय, आणि हलतोय बघा नुसता.” ती हसली, आणि फोनपासून तोंड वळवून कोणाला तरी लाडानं दटावली. “उभा राहा रे नीट.”

“आई, मी आजच निघते. परवा सकाळी पोचते. मी येईपर्यंत, आई, प्लीज…”

“रडू नका हो तुम्ही,” आई म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. “कुठं लांब असता का? मग आधी घरी फोन करा बघू. तुमचीही आई वाट बघत असेल ना.”

आणि तिनं फोन ठेवला.